रामगिरीवरचा धूर

अँप्लिफायर जळाला की आधी मासोळीचा वास येतो. जळक्या रबराचा, प्लास्टिकचा वास मागाहून. आतले कपॅसिटर फुटतात, त्यांच्या पोटातलं रसायन उकळतं आणि गाडीत मच्छीबाजार भरतो. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालं नाही. श्रावणातल्या एका सोमवारी गाडीचं दार उघडून बायकोनं विचारलं, "काहो, खिंडसीच्या तलावातली मासोळी आणली का? आज?" आणि गाडीत जे मेलं आहे ते पाण्यातलं नाही, हे मला शपथेवर सांगावं लागलं.

जन्मभर रामटेकात संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर एक जुनी गाडी घेतली, ती मुख्यतः वसंतराव देशपांडे ऐकायला. मनसर, कन्हान करत नागपूर गाठायला पन्नासेक किलोमीटर. तेवढ्यात एखादा राग सावकाश मांडून होतो. वसंतराव जन्मानं मूर्तिजापूरचे, वाढले नागपुरात, म्हणजे आमचेच. घरात ऐकायला लागलो की कुकरच्या शिट्ट्या सम चुकवतात. गाडीत तो त्रास नाही.

माझा भाचा नागपुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. (वीज हा त्याचा विषय नव्हे, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर.) तो एकदा माझ्या शेजारी बसला, दोन मिनिटं ऐकलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "मामाजी, वसंतरावांले तुम्ही या डब्यात बसवून ठेवलं? डग्गा तर ऐकूच येत नाही." पोरगा हुशार. कुठं बोट ठेवायचं ते त्याला कळतं. पुढच्या आठवड्यात सीताबर्डीवरून बारा इंची सबवूफर आला, त्याची अख्खी डिक्की खाणारी पेटी आली आणि चकचकीत अँप्लिफायर आला. अँप्लिफायरवर 1000 वॅट असं ठळक छापलेलं होतं. सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात 500 होतं.

एक कबूल करतो. वाजला तेव्हा सुंदर वाजला. डग्ग्यावरचा डाव्या हाताचा घिस्सा पहिल्यांदा छातीत ऐकू आला. आरसा थरथरला, चष्मा नाकावरून घसरला, मागची नंबरप्लेट स्वतःचा वेगळा ठेका धरून वाजू लागली. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 डेसिबलपर्यंत परवानगी देतात. आमच्या गल्लीत तो आकडा वसंतरावांनी आलाप घ्यायच्या आधीच, नुसत्या तानपुऱ्यात ओलांडला.

मग तो जळला.

दुकानदारानं तो उलटापालटा करून पाहिला, "पीस खराब निघाला" म्हणाला आणि बदलून दिला. नवा पीसही खराब निघाला. त्याच्या जागी आलेल्यानंही परंपरा राखली. मग दुकानदाराचं निदान बदललं: "तुमच्या गाडीत व्होल्टेज जास्त हाये." पुढल्या खेपेला, "व्होल्टेज कमी हाये." त्यानंतर कंपनी बदलली, मग किंमत बदलली. व्होल्टेज मात्र कोणी मोजलं नाही.

मधल्या काळात फ्यूजही जाऊ लागला. बॅटरीजवळ साठ अँपिअरचा फ्यूज होता. तो सारखा उडतो म्हणून भाच्यानं शंभरचा बसवला आणि हात झटकले. फ्यूज असतो वायरीला आग लागू नये म्हणून. जास्त करंट दिसला की त्यानं स्वतः मरायचं आणि गाडी वाचवायची, एवढंच त्याचं काम. ते तो चोख करत होता आणि नेमका त्याच कारणानं नोकरीवरून गेला. सरकारी शाळेत उभी हयात काढल्यामुळे मला हा प्रकार अपरिचित वाटला नाही.

रामटेकचे पानमळे जुन्या काळापासून नावाजलेले. पान चांगलं म्हणून पानठेले चांगले, आणि पानठेल्यावर उभं राहिलं की अडचण घेऊन आलेला माणूस निदानाशिवाय परत जात नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं, "अल्टरनेटर लहान हाये सर, एवढा लोड नाही झेपत." हे तितकंसं खोटं नव्हतं, म्हणूनच कोणी लक्ष दिलं नाही. मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं मत पडलं की मनसर ते रामटेक या पट्ट्यात जमिनीखालीच लफडं आहे. मॅंगनीज करंट ओढतं. गाडीला चार रबरी टायर आहेत, हे मी बोलून दाखवलं. "टायर झिजलेले असतील," ते म्हणाले. तिसऱ्यानं फक्त वार विचारला. अँप्लिफायर शनिवारी घरात आला, हे कळल्यावर त्याला पुढं काही ऐकायचं नव्हतं. भाच्यानं त्याच संध्याकाळी अँप्लिफायरच्या अंगालाच काळ्या दोऱ्यानं लिंबू-मिरची बांधली. नवतप्याच्या उन्हात, बंद गाडीत, त्या लिंबाचं दोन दिवसांत लोणचं झालं. अँप्लिफायर तिसऱ्या दिवशी गेला.

सगळ्यात घातक निष्कर्ष भाच्याचा. त्यानं घटनांची यादी करून सिद्ध केलं की दर वेळी मामी गाडीत असते. पायगुण हा शब्द त्यानं तोंडातून काढला नाही, पण हवेत सोडला. "तर मग तुम्ही आणि तुमचे वसंतराव जा नागपूरले," असं म्हणून बायको उतरली आणि दार आपटलं. स्पीकरमधून फाट् असा आवाज आला, लाल दिवा लागला आणि वसंतराव थांबले. भाच्यानं माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. या दारावर पुढं यायचंच आहे.

रामनवमीच्या आसपासही एक गेला होता. गडमंदिराच्या पायथ्याशी गाड्यांची रांग, इंजिन सुरू, एसी सुरू, गाडी जागची हलत नाही, आणि बाहेरच्या भोंग्यांपेक्षा आपलं बरं ऐकू यावं म्हणून आतला आवाज वाढवलेला. गाडी उभी असते तेव्हा अल्टरनेटर सावकाश फिरतो आणि वीज बरीच कमी देतो. ट्रॅक्टरवाला हेच म्हणत होता. आमच्या मागच्या सीटवरच्या मंडळींनी मात्र एकमतानं ठरवलं की रामाला हे आवडत नाही. कठड्यावरच्या वानरानंही बॉनेटवर उतरून अनुमोदन दिलं.

संस्कृतच्या मास्तराला अशा वेळी कालिदास आठवला नाही तर त्याचं पेन्शन थांबवावं. मेघदूतातल्या यक्षाचा रामगिरी म्हणजे आमचं रामटेक, असं नागपूरच्या वा. वि. मिराशींनी साक्षेपानं मांडलं. दुसरा पक्ष बोट दाखवतो सरगुजाच्या रामगढकडे. वाद अजून चालू आहे आणि आम्हा रामटेककरांपुरता तो कधीच संपलेला आहे. तर त्या काव्याच्या आरंभी कालिदास स्वतःच शंका काढतो की मेघ म्हणजे काय, तर धूर, ज्योत, पाणी आणि वारा यांचं गाठोडं; ते निरोप कसा नेणार? आमच्या सीटखाली यातला धूर होता, ज्योत अधूनमधून दिसे, आणि एसीची नळी तुंबल्यामुळे गालिच्यावर पाणीही होतं. वारा तेवढा नव्हता, आणि नेमका तोच हवा होता. अँप्लिफायरच्या पाठीवर ज्या पन्हळी असतात त्या शोभेच्या नव्हेत, उष्णता हवेत सोडायच्या. भाच्यानं तो पालथा बसवून वर पायपुसणं अंथरलं होतं, 1000 हा आकडा चोरांना दिसू नये म्हणून. निरोप मात्र प्रत्येक अँप्लिफायर इमानानं आणत होता. तो कोणी वाचत नव्हतं. आम्ही दूत बदलत होतो.

शेवटी बोलावणं गेलं ते बिछायत केंद्राच्या काकांना. मंडप, गाद्या, भांडी, माइक, सगळं भाड्यानं देणारा माणूस. लग्नं, बारशी, सभा, सप्ताह यांत चाळीस-एक वर्षं लाऊडस्पीकर जिवंत ठेवलेला. त्यांनी सायकल लावली, खिशातून पिवळा मल्टिमीटर काढला. भाच्यानं मेलेले अँप्लिफायर अंगणात ओळीनं मांडून ठेवले होते. काकांनी तिकडे पाहिलंही नाही.

"हे पाहा न काका आधी," भाचा म्हणाला.

"जळलेल्याले काय पाहाचं, बाप्पा? तो मेला. मारणारा कोण, ते पाहू."

सबवूफरची वायर सोडवून त्यांनी टोकांवर मीटर लावला. 1.7 दाखवलं. त्या सबवूफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल. एकीमागे एक जोडल्या तर आठ होतात, समांतर जोडल्या तर दोन. भाच्यानं समांतर जोडल्या होत्या, कारण आवाज जास्त येतो. अँप्लिफायरच्या दोन्ही वाहिन्या एकत्र करून वाजवायचा तर चारच्या खाली जाऊ नये, असं त्या मुंगीच्या अक्षरांच्या कागदावर लिहिलेलं होतं. दोन ओहमवर तो दुप्पट करंट ओढत होता आणि मरेपर्यंत कुरकुर करत नव्हता. अडथळा निम्मा की करंट दुप्पट, हे ज्यांनी 1827 साली मांडलं ते गेऑर्ग ओहम पेशानं मास्तरच. त्यांच्याही पुस्तकाकडे सुरुवातीला कोणी धड पाहिलं नाही, हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी जिव्हाळा आहे.

मग काकांनी मोबाइलवर एकसुरी 'भों' लावला. गाणं नाही, गाण्यात आकडा नाचतो म्हणाले. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, अँप्लिफायरच्या तोंडाशी 10.9. मधले जवळपास तीन व्होल्ट वाटेत कुणी खाल्ले? त्यांनी मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी अँप्लिफायरच्या ऋण टोकाला लावली. तिथं शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं. दिसले 1.8.

"अर्थिंग कुठं मारली?"

भाच्यानं सीटचा बोल्ट दाखवला. काकांनी तो उघडला. खाली गाडीचा रंग अगदी शाबूत, शोरूममधून निघाला तसा. विजेला लोखंड हवं असतं; आम्ही तिला रंगाच्या थरावर बसवलं होतं. बोल्टच्या आट्यांमधून काय झिरपेल तेवढंच. आणि ओहममध्ये मोजायला गेलं तर साधा मीटर इथं सगळं ठीक आहे असंच सांगतो, कारण हा अडथळा एका ओहमच्या तीन शतांशाएवढा. साठ अँपिअर वाहू लागले की तोच पावणेदोन व्होल्ट गिळतो. काही अँप्लिफायर असे की व्होल्टेज पडलं की तेवढीच ताकद काढायला आणखी करंट ओढतात, आणखी तापतात. काका म्हणाले, "पाहुण्याले यायले मोठा दरवाजा ठेवला अन् जायले मांजरीचं भोक. मांडवात गर्दी होईल का नाही?"

यायचा दरवाजाही मोठा नव्हता. त्यांनी धन वायरीचं टोक सोललं, ब्लेडनं खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. जाडी तीच, वजन हलकं, किंमत अर्धी, आणि ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज नेतं. जाडजूड दिसत होती ती मुख्यतः प्लास्टिकमुळे.

शेवटी दार. बायकोच्या बाजूच्या दारात जाणारी स्पीकरची वायर रबरी नळीतून न नेता बिजागरीजवळून नेलेली. दर आपटीला ती चिमटत होती. एका जागी तार उघडी पडून पत्र्याला टेकत होती. काकांनी दार हळू लावलं, काही नाही. जोरात लावलं, मीटर पिपाणीसारखा वाजला. बायको ओट्यावरून पाहत होती. "म्हणजे पायगुण नाही?" तिनं विचारलं. "नाही जी वहिनी," काका म्हणाले, "हातगुण हाये. पण कसूर वायरीची." यावर तिनं काकांना चहा दिला, त्यानंतर मला, आणि भाच्याला काही नाही.

कानस मारून पत्रा उघडा केला, खऱ्या तांब्याची वायर टाकली, साठचा फ्यूज पुन्हा रुजू झाला, कॉइल एकीमागे एक जोडून आठ ओहम केले, अँप्लिफायर उताणा करून हवेत मोकळा बसवला. दोनचे आठ झाले की ताकद एक चतुर्थांशावर येते. ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. कानाला ते सहा डेसिबलनंच कमी भासतं, निम्म्यानंसुद्धा नाही. वसंतराव कन्हानच्या पुलापर्यंत न थांबता गायले. डग्गा आता छातीत नाही, कानात येतो. आजवर मैफिलीत तो तिथंच येत आला आहे.

काकांनी मजुरी फारशी मागितली नाही. "ते मुर्दे घेऊन जातो," एवढंच म्हणाले आणि अंगणातली रांग पोत्यात भरून नेली.

कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला शोभायात्रा निघाली. आम्ही ओट्यावर खुर्च्या टाकून बसलो होतो. एकेक झाकी येत होती. पंचवटीची झाकी दारासमोर आली तेव्हा आमच्या कपाटातले पेले वाजू लागले. ट्रॅक्टरवर राम, सीता, लक्ष्मण, आणि लक्ष्मणाच्या मागे कापडी खडकाआड चकचकीत डब्यांची रांग. त्यातल्या एकाच्या अंगाला अजून काळा दोरा लोंबत होता.

"काहो," बायकोनं कोपरानं ढोसलं, "तो आपलाच न?"

काकांनी ट्रॅक्टरवरून मला पाहिलं आणि त्या कल्लोळात दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडले, "मॉसफेट बदलले, सर! अर्थिंग पाहा, रंग खरडून तीन जाग्यावर मारली!"

मी भाच्याला ते दाखवायला वळलो. तो खुर्चीत नव्हता. तो ट्रॅक्टरवर चढून, लक्ष्मणाला बाजूला सारून, वॅट विचारत होता.