जिलबीचं स्थळ

माझ्या हिशेबाच्या वहीत ‘जिलबी’ नावाचं एक स्वतंत्र पान आहे. पानाच्या तळाशी एकूण खर्च 11,425 रुपये असा आकडा आहे आणि त्यात खायची जिलबी पावशेरसुद्धा नाही. चौतीस वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्यामुळे रिटायर झाल्यावरही हात स्वस्थ बसत नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, पेपरवाला, सगळ्यांची पानं आहेत. त्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या पानाची भर पडली.

त्या संध्याकाळी पावसानं सिंहगड रस्ता धुऊन काढला होता. छत्री झटकत जिन्याशी आलो तर मीटर रूममधून गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज येत होता. वॉचमननं बॅटरी मारली. मीटरच्या खाली कुठल्याशा निवडणुकीचा जुना फ्लेक्स घडी करून ठेवला होता आणि त्या घडीत, उमेदवाराच्या जोडलेल्या हातांवर, मुठीएवढं नारिंगी पिल्लू बसून सर्व शक्तीनिशी ओरडत होतं.

लगेच हात लावायचा नसतो. आई खाणं शोधायला गेलेली असते, ती परत येते. म्हणून आम्ही वाट पाहिली. रात्री दहाला पाहिलं, बाराला पाहिलं, पहाटे पाचला मी लुंगीवर खाली उतरून पाहिलं. आई आली नाही. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. याच्या आईनं पहिलं घर दाखवलं आणि उरलेली सहा माझ्या अंगावर टाकून ती गेली.

“बोका की मनी?” मी विचारलं. वॉचमननं शेपूट वर केली, बॅटरी जवळ नेली आणि चेकवर शिक्का मारावा तसा निकाल दिला, “मादी हाय, सायेब. गावाकडं आमच्या असल्या धा हुत्या.” दहा मांजरींचा अनुभव असलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? रंग थेट कढईतून काढल्यासारखा आणि झोपताना अंगाचं वेटोळं, म्हणून नाव पडलं जिलबी.

घरी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. बायकोला दमा आहे. मांजराच्या लाळेतलं काहीतरी त्याच्या केसांवर वाळतं, हवेत उडतं आणि नेमकं हिच्याच नाकात जातं. हिनं दारातच सलग अकरा शिंका देऊन ठराव फेटाळला. मग नाक पुसत म्हणाली, “चार दिवस. बाल्कनीत. आणि अहो, मधलं दार बंद.” त्या चार दिवसांचे पुढे सहा आठवडे झाले.

डॉक्टरांच्या काउंटरवर फॉर्म भरताना मी ‘फीमेल’ असं ठळक लिहिलं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. पुढचे बारके दात नुकते वर येत होते. “साडेतीन आठवडे,” ते म्हणाले. वजन 350 ग्रॅम. गाईचं दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं. आमच्या लहानपणी बशीभर दूध ही मांजराची व्याख्या होती, पण आता पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. डबा 720 रुपयांचा. आमच्या मुलाच्या वेळी आम्ही एवढ्या महागाचं दूध आणलं नव्हतं, हे हिनं त्याच रात्री मुलाला फोन करून सांगितलं.

पाजायचं तेही माणसाच्या बाळासारखं उताणं धरून नाही. ते ठसका लागून दूध फुप्फुसात जाण्याचं लक्षण. पोटावर बसवायचं, मान थोडी वर, आणि सिरिंजमधून थेंब थेंब. जिलबीला हे ‘थेंब थेंब’ मान्य नव्हतं. ती पुढच्या दोन्ही पायांनी सिरिंजला मिठी मारायची, नखं माझ्या अंगठ्यात रुतायची आणि पिताना तिचे कान दर घोटाला मागेपुढे हलायचे. हे दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. नंतरचं काम आणखी नाजूक. एवढ्या लहान पिल्लाला कधीकधी स्वतःहून शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आईच्या जिभेऐवजी कोमट पाण्यात बुडवलेला कापूस घेऊन पहाटे तीन वाजता बाल्कनीत उकिडवा बसलेला रिटायर्ड ऑफिसर समोरच्या बिल्डिंगमधल्या कॉल सेंटरवाल्या मुलानं पाहिला. आजतागायत तो मला लिफ्टमध्ये नमस्कार करतो.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. “कशाला एवढा व्याप? पोत्यात घाला, नदीपलीकडे सोडा. संपलं.” मी कायदा काढला. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं हा गुन्हा आहे. सेक्रेटरी जरा वरमले आणि म्हणाले, “दंड किती?” इथे माझी पंचाईत झाली. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला आकडा अजून तसाच आहे. नदीपलीकडे जायला रिक्षाच त्याहून जास्त घेते.

पण आपल्याकडे सरकारच्या वर आज्या असतात. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे माझ्या आजीनं माझ्या मनावर कायमचं कोरून ठेवलं आहे. मी सेक्रेटरींच्या देखतच हिशेब केला. जिलबीचं वजन 350 ग्रॅम, म्हणजे सराफाच्या भाषेत पस्तीस तोळे. तोळ्यानं लाखाची पायरी ओलांडलेली. पस्तीस लाखांच्या वर, शिवाय घडणावळ आणि जीएसटी. सेक्रेटरींनी चहा घेतला आणि निघून गेले.

मग सुरू झाले पाहण्याचे कार्यक्रम. पहिलं स्थळ वरच्या मजल्यावरच्या काकूंचं. खरोखर चांगलं घर. काकू महिला मंडळाच्या अध्यक्ष, दोन मुली, दोघी कर्तबगार. काकूंनी जिलबीला मांडीवर घेतलं, हनुवटीखाली खाजवलं आणि विचारलं, “मनी ना? बोका असता तर डोळे झाकून घेतला असता हो.” कारण रीतसर दिलं. मांजर पाच-सहा महिन्यांत वयात येतं, नऊ आठवड्यांत मोकळं होतं, वर्षातून दोन-दोन बाळंतपणं कोण करणार? पाठीमागच्या भिंतीवर ‘लेक वाचवा’चं कॅलेंडर होतं. जिलबीनं त्याच्या दोरीवर झेप घेतली. मला वाटतं योग्यच केलं.

पुढची चार-पाच स्थळं याच वाटेनं गेली. शब्द फक्त बदलायचे. “आमच्या घरात चालणार नाही,” “गाव फार लांब आहे,” “मिस्टरांशी बोलून कळवते.” एका आयटीतल्या जोडप्यानं तर सरळ जात विचारली. मी म्हटलं, देशी. त्यांना पर्शियन हवं होतं. मुळशीला शेतघर असलेला मित्र घ्यायला तयार होता, पण त्याच्या दोन कुत्र्यांनी जिलबीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पाहून मुलीकडच्यांनीच नकार कळवला. मुलीकडच्यांनाही मन असतं.

चौकातल्या किराणा दुकानदारानं मात्र स्वतःहून मागणी घातली. गोदामात उंदीर फार. मी प्रामाणिकपणे सांगितलं की उमेदवाराचं वजन आत्ताशी अर्धा किलो आहे आणि तुमच्या गोदामातली घूस हिला कडेवर घेऊन फिरवेल. “ट्रायलवर ठेवू,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो दारात. एका हातात जिलबी, दुसऱ्या हातात पिशवी.

झालं होतं असं. बाल्कनीत आम्ही तिला ट्रेची सवय लावली होती. 260 रुपयांचा ट्रे, त्यात 390 रुपयांचं पाच किलो ‘कॅट लिटर’, बारीक, भुरभुरीत, उकरायला सोपं. मांजराची जात स्वच्छ. जिथे उकरता येईल तिथेच बसणार, नंतर नीट झाकणार. दुकानात बारीक, भुरभुरीत आणि उकरायला सोपी अशी एकच वस्तू उघडी होती. रव्याचं पोतं. “झाकलंय पण इतकं बेमालूम,” दुकानदार म्हणाला, “की शिऱ्याला घेऊन गेलं असतं कुणी.” पाच किलो रव्याचे 225 रुपये मी मुकाट्यानं दिले. ते पैसे वहीत कुठे मांडायचे यावर आमच्यात मतभेद झाले. ही म्हणाली ‘नुकसान’, मी लिहिलं ‘शिक्षण’.

शेवटी, जे टाळत होतो तेच केलं. जाहीर करून टाकलं की नसबंदीच्या ऑपरेशनचा खर्च मुलीकडचे करतील. लसी आमच्या, ट्रे आमचा, बास्केट आमची. टाकून देऊ नये म्हणून 1960 चा कायदा पाळला आणि तो पाळण्यासाठी 1961 चा हुंडाबंदीचा मोडला.

आठवड्यात स्थळ आलं. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर राहणाऱ्या आजी, हायस्कूलमध्ये पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त. मुलगा परदेशात. जुलैच्या शेवटच्या रविवारी जिलबीला 950 रुपयांच्या बास्केटमध्ये घालून आम्ही गेलो. ही तोंडावर मास्क लावून सोबत. आजींनी आधी मला बसवलं, जिलबीला नंतर.

“मेनू काय?”

मी सांगितलं. पाऊच, चाळीस रुपयांचं एक, दिवसाला अर्धं, बाकी कोरडं खाणं.

“आमच्याकडे बांगडा उकडून मिळेल. बिनमिठाचा.” सदाशिव पेठेत बांगडा? आजींनी माझा चेहरा वाचला. “मी रत्नागिरीची आहे. लग्नानंतर सदतीस वर्षं वास घेतला नाही. आता मांजराच्या नावावर आणता येईल.”

मग लसींचा कागद तपासला. आठव्या आठवड्यातला ट्रायकॅटचा पहिला डोस झालेला, नऊशे रुपये. दुसरा राहिलेला, रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. आजींनी तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी मांडल्या. महापालिकेत मांजराचीही नोंद करावी लागते, ती मी करीन म्हणाल्या. “आणि ऑपरेशन?” मी म्हटलं, सहा महिने झाले की, खर्च 4,500, आमच्याकडे लागला. “तोंडी नको. आत्ताच द्या. मी पावती देते.” पावती दिलीसुद्धा, शाळेच्या जुन्या वहीच्या पानावर, तारीख घालून, अक्षरी आणि अंकी.

एवढा वेळ जिलबी बास्केटमधून बाहेर आली नव्हती. आजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पंचा पसरून त्या भाजी निवडायला बसल्या. पाच मिनिटांनी नारिंगी डोकं बाहेर आलं, दहा मिनिटांनी शेपूट, आणि मग ती सरळ जाऊन आजींच्या मेथीच्या काड्यांवर वेटोळं करून बसली. आजींनी खालच्या काड्या अलगद ओढून घेतल्या, तिला न उठवता.

निघताना त्यांनी माझ्या हातावर अकरा रुपये ठेवले. “जीव फुकट घेऊ नये.” दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं. पानाच्या जमेच्या बाजूला तेव्हा तेवढी एकच नोंद होती. रिक्षात ही बराच वेळ नाक पुसत होती. मी म्हटलं, आता तर मांजर नाही. “धूळ आहे,” ती म्हणाली.

ऑगस्ट, सप्टेंबर गेले. दिवाळी झाली. नोव्हेंबरात एका सकाळी आजींचा फोन आला. आवाज पेपर तपासताना असायचा तसा.

“तुम्ही बँकेत होतात ना?”

“हो.”

“मग खातं उघडताना खातेदार नीट बघायची पद्धत नव्हती का? आत्ता डॉक्टरांकडे आहे मी. तुमची जिलबी बोका आहे.”

मी वॉचमनचं नाव घेणार होतो, पण त्यांनी संधीच दिली नाही. डॉक्टरांनी समजावलेलं सगळं त्यांनी मला फळ्यावर मांडल्यासारखं ऐकवलं. मांजराचा नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो. बोक्याकडे एकच एक्स, त्यामुळे तिथे एकदा मिळाला की झाला नारिंगी. मनीकडे दोन, दोन्हींवर हवा. म्हणून पूर्ण नारिंगी मांजरांत पाचातले साधारण चार बोके असतात. “साधी संभाव्यता आहे,” आजी म्हणाल्या, “नापास करीन मी तुम्हाला.”

मला एकदम सगळी स्थळं आठवली. काकू, गावं लांब असलेले, मिस्टरांशी बोलून कळवणारे. डोळे झाकून घेतला असता असा मुलगा मी सहा आठवडे मुलगी म्हणून दारोदार फिरवला होता. संध्याकाळी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. त्यांना बातमी कळलेली होती. “अगं बाई! मग आम्हालाच विचारायचं ना पुन्हा,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लग्न झालं हो त्याचं.

त्याचं नाव आता जिलब्या आहे. वजन साडेतीन किलो, आठवड्यातून दोन बांगडे, त्यातला एक आजींचा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर 1,989 रुपये जमा झाल्याचा निरोप आला. आकडा काही लागेना. बँकेतला माणूस, अर्धा तास वही घेऊन बसलो. मग आजींचा संदेश आला: बोक्याचं ऑपरेशन सोपं असतं, 2,500 लागले. उरले 2,000. त्यातून माझे अकरा वळते केले आहेत. ते मी मनीचे दिले होते.