हजार वर्षं, अधिक-उणे

बायको हिमनद्यांवर पीएचडी करते असं कळलं की आमच्या नात्यातली मंडळी दोन प्रश्न विचारतात. एक, तिकडे स्वेटर स्वस्त मिळतात का? दुसरा, दगडच फोडायचे तर इतक्या लांब कशाला, सिंहगडावर काय कमी आहेत?

दगड आहेत, हिमनदी नव्हती. शिवाय बायकोला हवं असतं क्वार्ट्झ, आणि आपला काळा कातळ त्या बाबतीत अगदी कफल्लक. त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात तेवढ्याच. म्हणून लाहौल, चंद्रा नदीचं खोरं, बातलच्या आसपासचा ओसाड मुलूख. उंची सुमारे चार हजार मीटर. तिथे दोन पावलं चाललं की तिसऱ्याआधी माणूस निसर्गसौंदर्य बघायला थांबतो.

मी पेशाने लेखापरीक्षक. मला सोबत नेण्यामागे प्रेम होतंच. पण हातोडा, छिन्नी आणि दगडांची पिशवी कोण उचलणार, हाही विचार झालेला होता.

प्रकरण असं आहे. आज बाजूच्या दऱ्यांत मागे सरून बसलेला बर्फ एके काळी मुख्य खोऱ्यात पसरलेला होता. जाताना त्याने दगडमातीचे लांबलचक बांध टाकले, ते हिमोढ. बर्फ कुठवर आला होता हे बांध बघून माझ्यासारख्यालाही कळतं. तो कधी आला होता, यावर पीएचडी मिळते.

बांधावरचा ग्रॅनाइटचा धोंडा उघड्यावर आला की त्याच्यावर अंतराळातल्या किरणांचा मारा सुरू होतो. क्वार्ट्झमधल्या ऑक्सिजनचे अणू फुटतात आणि बेरिलियम-१० तयार होतं. समुद्रसपाटीला एका ग्रॅममागे वर्षाला साधारण चार अणू. बातलच्या उंचीवर त्याच्या दहापट किंवा जास्तच. जमलेले अणू मोजा, वार्षिक दराने भागा, की बर्फ हटून किती वर्षं झाली ते निघालं. हे ऐकून मी हरखलो. इतकं स्वच्छ खातं मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही.

“पण आरंभीची शिल्लक शून्य होती कशावरून?” मी विचारलं.

बायकोने माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. हाच म्हणे या विषयातला मोठा वाद. हिमनदी दगडाला वरून चांगला खरवडते, तेव्हा जुने अणू निघून जातात. नीट खरवडला नसेल तर तो पूर्वीची पुंजी घेऊन येतो आणि आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. उलट एखादा धोंडा मातीत गाडलेला राहतो, हजारो वर्षांनी डोकं वर काढतो आणि तरुण म्हणून मिरवतो. म्हणून एकाच बांधावरचे पाच-सहा धोंडे तपासायचे. त्यांच्या जबान्या जुळत नाहीत. मग कोण खोटं बोलतोय ते मार्गदर्शक ठरवतात.

माझ्याकडे क्षितिजाचं काम होतं. भोवतालचे डोंगर किती आकाश अडवतात यावर किरणांचा हिशेब अवलंबून, त्यामुळे दगडाशी उभं राहून गोल फिरत प्रत्येक शिखराचा कोन वाचायचा. बायको धोंड्यावर बसून ठोकत असे, मी खाली गरगर फिरत आकडे ओरडत असे. मेंढ्या घेऊन चाललेला एक गद्दी मेंढपाळ आमच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला, मग मेंढ्यांना हाकत जरा लांबून गेला. प्रत्येक धोंड्याचा फोटोही लागतो, आणि त्यात आकार कळण्यासाठी काहीतरी ठेवावं लागतं. प्रबंधात मी बऱ्याच पानांवर आहे. खाली लिहिलंय : ‘व्यक्ती मापासाठी’.

मनालीला कुरियरवाल्याने विचारलं, “अंदर क्या है?”

“पत्थर.”

“कीमत?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोच्या डोळ्यांपुढे तिची पीएचडी होती, माझ्या डोळ्यांपुढे विम्याचा हप्ता. “सौ रुपया,” मी म्हणालो. त्यानंतर मनालीपासून सुरू झालेला अबोला चंडीगडपर्यंत टिकला.

पुढे प्रयोगशाळा. किलो-दोन किलो दगड कुटायचा, चाळायचा, चुंबकाने निवडायचा, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात घालायचा. हे आम्ल काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत राहतं; माणसाला लागलं तर हाडापर्यंत जातं. क्वार्ट्झ चिवट, बाकीची खनिजं आधी विरघळतात. काही आठवड्यांनी मूठभर पांढरी वाळू हाती येते, आणि ती पुन्हा विरघळवून शेवटी चिमटीतही न येणारी पूड.

“हेच ते बेरिलियम?” मी भक्तिभावाने विचारलं.

“हे बहुतेक मीच घातलेलं. दगडातलं इतकं कमी असतं की दिसणारच नाही. म्हणून बाटलीतलं साधं बेरिलियम मोजून घालायचं आणि त्वरक नावाच्या यंत्रावर दोघांचं गुणोत्तर काढायचं.”

तिने पदरचं घातलंय आणि त्याची नोंद आहे, एवढ्यावर मी गप्प बसलो. आमच्याकडे निम्मी प्रकरणं या नोंदीवरच अडतात.

या खोऱ्यातल्या ‘बातल’ नावाच्या हिमकाळाचं वय २००१ साली लुईस ओवेन आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने काढलं होतं : साधारण साडेपंधरा ते बारा हजार वर्षं. बायकोचे आकडे त्यांच्याजवळपास आले तेव्हा घरी शिरा झाला. आईने विचारलं, “नक्की किती गं?” बायको म्हणाली, “हजारेक वर्षं अधिक-उणे.”

मला घास गिळवेना. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. म्हणजे शिलाहार, ज्ञानेश्वरी, पेशवाई आणि पुण्याची मेट्रो, हा सगळा संसार माझ्या बायकोच्या अधिक-उणेमध्ये सुखाने राहतो. मी वीस पैशांच्या फरकासाठी एका पतसंस्थेत रात्री नऊपर्यंत बसलेलो आहे.

त्यावर तिने शांतपणे आणखी एक सांगितलं. तो वार्षिक अणूंचा दर संशोधक अधूनमधून सुधारतात, आणि मग आधी छापून आलेली वयंही नव्याने काढावी लागतात.

“म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने?”

“हो.”

“सगळ्या धोंड्यांना?”

“सगळ्या.”

आई तोवर शिरा वाढून घेत होती. तिची पेन्शन दोन वेतन आयोगांतून गेलेली. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “मग थकबाकी कुणाला मिळते?”