सोवळ्यातला लॅपटॉप

वेगळेपणाच्या गोष्टी जबलपूरच्या मराठी माणसानं करू नयेत. 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला. राज्य एकोणीस वर्षांत आटोपलं, पण आमची भाषा अजून दोन्हीकडून गळते आहे. घरात आम्ही वांग्यांना भटे म्हणतो, वीज जात नाही, ‘बत्ती गुल’ होते. आणि चौकात ‘काए बड्डे’ म्हणून हाक मारणाऱ्याला मी ‘अगंबाई’ म्हणून दचकवतो.

आणि अशा माणसानं, म्हणजे मी, लॅपटॉपवर क्यूब्स ओएस बसवलं: प्रत्येक काम वेगळ्या कप्प्यात ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. कारण ‘आज रात्री वीज कापू’ या भामट्याच्या निरोपातल्या लिंकवर माझं बोट जवळपास टेकलं होतं.

क्यूब्स ही पोलंडच्या जोआना रुत्कोव्स्का यांची कल्पना. पहिली आवृत्ती 2012 ची. चोर घरात येणारच असं धरून चालायचं, फक्त एका खोलीतून दुसरीत जाऊ द्यायचं नाही. प्रत्येक कप्पा म्हणजे स्वतंत्र आभासी यंत्र, खिडकीला ज्याच्या त्याच्या रंगाची चौकट. ही मंडळी स्वतःला जेमतेम ‘बऱ्यापैकी सुरक्षित’ म्हणवतात. आमच्या बाजारात असा फलक लावणारा उपाशी मरेल.

कप्पे कसे करायचे, यावर मी तीन दिवस अडलो. आई मटार सोलत ऐकत होती.

“एका टेम्प्लेटवर अनेक कप्पे. प्रोग्रॅम सामाईक, फायली ज्याच्या त्याच्या.”

“चूल एक, ताटं वेगळी.”

“स्टँडअलोनमध्ये टेम्प्लेटची आख्खी नक्कल. मग अपडेट ज्याचं त्यानं करायचं.”

“वेगळी चूल. धाकट्या भाऊजींनी मांडली होती. दोन महिने डबा मीच पोचवला.”

“डिस्पोजेबल. काम झालं, बंद केलं, की आतलं सगळं पुसलं.”

“पत्रावळ.”

पासवर्डसाठी इंटरनेट नसलेला ‘व्हॉल्ट’ असतो, हे सांगितल्यावर तिनं नुसतं देवघराकडे पाहिलं. सोवळं तिला कुणी शिकवायला नको होतं.

माझी रॅम आठ जीबी, शिफारस सोळाची. चार कप्पे उघडले की लॅपटॉप मदनमहालची टेकडी चढल्यासारखा धापा टाकतो. म्हणून बँक आणि ऑफिस एका टेम्प्लेटवर ठेवलं. वेगळी चूल भाऊजींच्या आठवणीनं रद्द. नातेवाइकांच्या पत्रिका आणि भलत्या लिंका उघडायला डिस्पोजेबल, लाल चौकटीचं. तेच आईलाही दिलं, म्हटलं, इथे काहीही उघड.

भाचीच्या लग्नाच्या आहेराची यादी तिनं तिथेच बसून टाइप केली. दोन तास. कुणी 2009 मध्ये आपल्याला काय दिलं होतं, त्याच्या हिशेबासकट. ‘सेव्ह’ केलं आणि खिडकी बंद केली.

“यादी कुठे गेली रे?”

मी सांगितलं.

“मग पत्रावळीवर लिहायला कशाला बसवलंस मला?”

आता ती यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर पुन्हा लिहिली आहे आणि देवघरात, बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवली आहे. मला हात लावायची परवानगी नाही. आंघोळ केल्याशिवाय तर नाहीच.