ऑगस्टपुरते बंडखोर

आकाशवाणी आणि दूरदर्शन १९९७ पासून प्रसारभारती या स्वायत्त म्हणवल्या जाणाऱ्या महामंडळाच्या छत्राखाली नांदत असून, तेथे वासाहतिक सत्तेविरुद्धचा उठाव दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भडकतो आणि सोळा तारखेला पीकपाण्याचा सल्ला सुरू होण्याआधी शमतो. या पंधरवड्यात १९४२ च्या काँग्रेस रेडिओला, म्हणजे मुंबईत जागा बदलत चालवलेल्या भूमिगत नभोवाणी केंद्राला, मानाचे पान असते. ते चालवणाऱ्या उषा मेहता यांच्या धैर्याचे आणि १२ नोव्हेंबरच्या अटकेचे वर्णन गहिवरून होते. मात्र या केंद्राने 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणून हिणवलेली सरकारी नभोवाणी ही निवेदकाचीच संस्था होती, हा तपशील बहुधा वेळेअभावी गळतो. (त्या प्रक्षेपणांचा मजकूर आज वाचता येतो तो मुख्यतः खटल्यासाठी पोलिसांनी टिपून ठेवल्यामुळे, इतके एकाग्र श्रोते आकाशवाणीला पुढे क्वचितच लाभले असतील.)

फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा संप तर ऑगस्टात बसतच नाही. कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांवरून १८ तारखेला पेटलेला हा संप वर्सोव्याच्या 'मच्छलीमार' आणि मार्वेच्या 'हमला' या किनाऱ्यावरील नाविक ठाण्यांपर्यंत पोचला होता. तरीही मुंबईच्या या उपनगरांचा इतिहास लोकलच्या फेऱ्या आणि चित्रपटतारकांचे बंगले यांपासूनच आरंभण्याचा प्रघात आहे. २१ तारखेला व्हाइस ॲडमिरल गॉडफ्री यांनी, संपवाल्यांपुढे नमण्यापेक्षा सारे नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर, अशी जी धमकी दिली, ती ऑल इंडिया रेडिओवरूनच दिली असल्याने, 'आमच्या संग्रहातून' अशा मथळ्याखाली ती ऐकवणे शिष्टसंमत ठरत नसावे. त्यातच, शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला वल्लभभाई पटेल आणि जिना या दोघांनीही दिल्यामुळे, दिल्लीत सरकार कोणाचेही असो, या संपाला हार घालण्याचा उत्साह कोणत्याच मंत्रालयाला परवडत नाही.

'हमला' आयएनएस ही उपाधी लावून आजही मार्वेलाच आहे आणि आकाशवाणीचे प्रक्षेपण केंद्र त्याच बाजूला मालाडच्या मालवणीत आहे. बाह्य ध्वनिमुद्रणाचा प्रवासभत्ता मंजूर करून घेण्याइतकेही हे अंतर नाही.