हवाईकाका

बाळकुमहून कुठेही निघा, लिफ्टच्या दाराशी हवाईकाका गाठतातच. "भिवंडी? अहो, हवाई अंतर दहा-बारा किलोमीटर!" आणि त्यानंतर तासभर आपण कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या मागे, मेट्रोचे खांब मोजत. बाळकुम ते सहार? हवाई अंतर वीसच्या आत. मुलीचं सासर डोंबिवलीला? तेही हवाईच. काकांच्या जगात माजिवडा नाका नाही, कापूरबावडीचा सिग्नल नाही, रिक्षावाल्याचा नकारही नाही.

2025च्या 25 डिसेंबरला नवी मुंबईहून विमानं उडू लागली आणि काकांना नवी पालवी फुटली. सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलावरून हमरीतुमरी चाललेली. काका उठले. सगळ्यांना वाटलं, मध्यस्थी करणार. "मुंबईच्या या दोन विमानतळांतलं हवाई अंतर पंचवीससुद्धा नाही," ते म्हणाले, "विमान चाकं पोटात घेतंय तोवर उतरायची वेळ!" कुणीतरी हसलं, तशी ऑर्कनी बेटांची गोष्ट निघाली. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर 3 किलोमीटरहून कमी आणि वारा चांगला असेल तर विमान 2 मिनिटांच्या आत पोहोचतं. टँकरचा ठराव पुढच्या महिन्यावर गेला.

सत्यनारायणाला तर त्यांनी पूजेच्याच नारळावर दोरा ताणला. न्यूअर्कला जाणारं विमान नकाशावर एवढं उत्तरेला का चढतं, हे भटजींना समजावायचं होतं. पृथ्वी गोल, म्हणून जवळचा रस्ता वाकडा दिसतो. 12,500 किलोमीटर! भटजींना पुढे मानपाड्याला दुसरी पूजा होती. त्याचंही हवाई अंतर सांगून झालं.

या माणसाला टाळण्यासाठी मी जिना वापरू लागलो होतो, हे लपवत नाही.

मग आई गेली, संध्याकाळी. भाऊ लंडनला. मिळेल त्या विमानाने निघाला. किती वेळ थांबायचं, भटजींना काय सांगायचं, आमच्यापैकी कुणाला सुचत नव्हतं. हवाईकाका आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडू लागले. 7,200 किलोमीटर, येताना वारा पाठीशी, म्हणून जाण्यापेक्षा तास-पाऊण तास कमी. मग इमिग्रेशनची रांग. सामान नसणार, तेवढी सूट. मग सहारहून पूर्व द्रुतगती मार्ग, तीन हात नाका, माजिवडा. कापूरबावडीच्या सिग्नलला त्यांनी वीस मिनिटं लावली. आयुष्यात पहिल्यांदाच. "शववाहिनीला दीडची वेळ द्या," म्हणाले. हवाई अंतराचा चकार शब्द नाही.

भाऊ दीडला दहा कमी असताना दारात उभा होता.

तेराव्याला पंगत बसली. भाऊ आल्यापासून कुणाशी धड बोलला नव्हता. काकांनी लाडू बाजूला सारून त्याला विचारलं, "वाटेत झोप लागली का रे?" नाही म्हणाला. रात्रभर खिडकीशी बसून होतो, मध्येच एक मोठं शहर आलं, नुसते दिवे, आई असती तर फोटो मागितला असता, असं बरंच काही तो सांगत सुटला. वाढपी दोनदा येऊन परत गेला.

"तिबिलिसी असेल ते," भाऊ म्हणाला.

"छे! पलीकडे एकदम काळोख लागला ना? तो कॅस्पियन. बाकू होतं ते, बाकू."