अर्ज कोणाकडे गुदरावा?

लेखनावर बंदी येणे हा मराठी लेखकाचा एके काळी मोठाच बहुमान होता, आणि त्या बहुमानाचे मर्म असे, की बंदी घालणाऱ्याला आधी ते लेखन वाचावे लागे. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली निवर्तले. त्यांच्या निबंधमालेतील ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध सरकारने जप्त केला तो १९१० साली, म्हणजे लेखकाच्या पश्चात अठ्ठावीस वर्षांनी, आणि ती बंदी उठायला १९३७ साल उजाडावे लागले. दिवंगत लेखकाला इतका चिकाटीचा वाचक आज कोठे मिळतो? शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ पत्राचीही तीच कथा. वक्रोक्ती ज्याला कळत नाही त्याला ती झोंबतही नाही. तेव्हा परांजप्यांना १९०८ साली राजद्रोहाखाली तुरुंगात धाडणाऱ्या आणि पुढे जबर जामीन मागून त्यांचे पत्र बंद पाडणाऱ्या सरकारच्या दप्तरात कोणी तरी तर्जुमेकार तिची चव घेत, ओळ न् ओळ वाचीत बसला असलाच पाहिजे.

आमच्या ब्लॉगच्या नशिबी असा रसिक आला नाही. हैदराबाद-सोलापूर हमरस्त्यावरच्या मन्नाएखेळ्ळीत, जेथे बाजारात माणूस कन्नडात भाव विचारतो, उर्दूत घासाघीस करतो आणि मराठीत उधारी मागतो, तेथे मराठी निबंधाला वाचक मिळावा म्हणून आम्ही एक युक्ती योजिली होती: आठवड्याच्या आठवड्याला तूर, हरभरा, उडीद, मूग आणि करडई यांचे भाव वर द्यावेत, आणि त्या आमिषाने आलेल्या वाचकाच्या पदरात खाली ऋतुवर्णन, ग्रंथपरीक्षण, क्वचित थोडा वेदान्त टाकावा. युक्ती वर्षानुवर्षे चालली. मग एके दिवशी त्या पत्त्यावर ब्लॉगऐवजी एक चौकट दिसू लागली, की आपला ब्लॉग आमच्या समुदाय मानकांचे उल्लंघन करीत असल्याचे आढळल्याने हटविण्यात आला आहे. कोणास आढळले, कोणते मानक, कोणत्या लेखातील कोणते वाक्य, याविषयी अवाक्षर नव्हते. सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता, तारीखसुद्धा नव्हती. जाणकारांनी तर्क बांधला, की तीच ती धान्ये त्याच क्रमाने आठवड्यागणिक येतात हे पाहून परदेशातल्या कुठल्याशा यंत्राने आम्हांस स्पॅम ठरविले असावे. म्हणजे राजद्रोह नाही, अश्लीलता नाही, धर्मनिंदाही नाही. यंत्राने आमच्या हातावर तुरी दिल्या, आणि त्याही आमच्याच!

आमच्या बिदर जिल्ह्यातल्या माणसाला अशा वेळी महमूद गावान आठवल्यावाचून राहत नाही. बहमनी राज्याचा हा कर्तबगार वजीर, बिदरचा विख्यात मदरसा बांधणारा. त्याच्या शत्रूंनी त्याचा मोहोरदार फितवून कोऱ्या कागदावर त्याची मोहोर उठवून घेतली, त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारा बनावट मजकूर लिहिला, आणि ते पत्र सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाच्या हाती पडेल अशी तजवीज केली. सुलतान त्या वेळी, तवारिखकार सांगतात त्याप्रमाणे, मद्याच्या अमलाखाली होता. तरीही त्याने वजिराला समोर बोलावून ही मोहोर तुझी काय, एवढे विचारले. मोहोर माझी, पण मजकूर माझा नव्हे, असे वजिराने सांगितले, आणि १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला. सुलतानाला मागाहून पश्चात्तापही झाला म्हणतात. इन्साफ झाला नाही हे उघड आहे. परंतु सवाल झाला, जबाब झाला, आणि सवाल करणाऱ्याला तोंड होते. आमच्या मुकद्दम्यात हे तीनही विधी गाळण्यात आले, आणि तेही, आमची समजूत आहे, यंत्र पूर्ण शुद्धीवर असताना.

अपिलाची सोय मात्र ठेवलेली होती. निळे बटन दाबले असता प्रथम आपण मनुष्य असल्याचे सिद्ध करावयाचे. त्याकरिता नऊ चित्रांची एक चौकट पुढे येते आणि ज्या चित्रांत आग विझविणारे नळ असतील ती टिपण्याचा हुकूम होतो. अमेरिकेतल्या पदपथावर तांबड्या रंगाचा जो बुटका खांब उभा असतो, तो म्हणे हा नळ. आमच्या गावी आग लागली तर माणसे घागरी घेऊन धावतात, ही गोष्ट त्या चौकटीत कोठे लिहावी हे कळेना. मग पिवळ्या शालेय बसगाड्या आल्या, मग चौकातले दिवे आले. खचाखच भरलेली एखादी टमटम किंवा बिदरच्या किल्ल्याचा एखादा बुरूज दाखविला असता, तर आमचे मनुष्यत्व एका क्षणात सिद्ध झाले असते.

आमच्या मुलखाला हुकूमशाही नवी नाही. निजामाच्या राज्यात सभा भरवावयाची तर आधी परवानगी काढावी लागे, आणि त्या जुलमाचे नाव ‘गश्ती निशाण ५३’ असे होते. नावासह क्रमांक होता, म्हणून लोकांना त्याचा निषेध तरी करता आला. १९५६ साली राज्यांच्या फेरआखणीत मराठवाडा तिकडे मराठी मुलखात गेला आणि आम्ही इकडे कन्नड मुलखात राहिलो, त्याचेही कागद आहेत. स्वतंत्र भारताच्या सरकारने जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर, इंटरनेटवरचे काही मोजके पत्ते बंद करण्याचा हुकूम सोडला. त्यांतले नेमके पान बंद करण्याची यातायात टाळण्यासाठी इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्यांनी सबंध ब्लॉगस्पॉटलाच कुलूप ठोकले आणि सुक्याबरोबर ओलेही जळाले. तथापि ओरड झाली, सरकारने कंपन्यांची कानउघाडणी केली, आणि थोड्याच दिवसांत कुलूप निघाले. ओरडायचे कोणाच्या दाराशी, हे तेव्हा ठाऊक होते.

वाचकांच्या शोकाविषयी लिहिणे भाग आहे. ऋतुवर्णने नाहीशी झाली म्हणून कोणी हळहळले नाही. आमच्या अडत दुकानदाराने तेवढे रस्त्यात गाठून, या आठवड्याची तूर का टाकली नाही, असा तगादा लावला. याच गृहस्थाने पुढे आमच्या वाङ्मयाचा उद्धार करावा हा योगायोग नव्हे, व्यवहार होता. भावांची पाने तो नियमाने छापून घेत असे आणि गल्ल्यामागच्या भिंतीवरच्या खिळ्यात टोचून ठेवीत असे. तो जाड पुडका त्याने आमच्या स्वाधीन केला. त्यात तुरीच्या खाली निबंध आहेत, निबंधांच्या पाठीवर हमाली आणि तोलाई यांचे हिशेब आहेत, आणि वेदान्तावरचा लेख खिळ्याने अशा ठिकाणी भेदला आहे, की ब्रह्म हा शब्द तेवढा गेला. परदेशातल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ नामक संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये १९९६ पासूनची असंख्य पाने जपलेली आहेत, तेथेही शोध केला, तर आमची दोन-चार पाने सापडली आणि त्यांत नेमके भाव होते, निबंधापूर्वीच पान संपलेले. यंत्रांनाही वाचकांचीच अभिरुची असते असे दिसते.

आता कामाचे बोलू. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे ब्लॉगांना जागा देणाऱ्या कंपन्यांस तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे लागते, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये तीन अपिलीय समित्या स्थापन झाल्या आहेत. कारभार सगळा संगणकावरूनच चालतो, म्हणजे बिदरला खेप घालून शिपायाला चहा पाजण्याची सोय नाही. परंतु दरखास्तीला क्रमांक मिळतो, आणि मराठी माणसाला क्रमांक मिळाला की अर्धा न्याय मिळाला. ज्यांचे लेखन असेच गेले असेल त्यांनी आधी तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, त्याच्या उत्तराची प्रत छापून खिळ्याला लावावी, आणि उत्तर हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील दाखल करावे. मुदत टळल्यास हरकत चालत नाही.