साखर-संन्यास : गृहस्थांसाठी सोपी पद्धत

ज्या घरात एक जण साखर सोडतो आणि बाकीच्यांना त्याची ती सोडवावी लागते, अशा घरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. साखर सोडणाऱ्याचा उल्लेख हिच्यात सर्वत्र ‘साधक’ असा केला आहे. साधक कोणीही असू शकतो. तो साठी ओलांडलेला, पोटाने सुखवस्तू, बँकेतून निवृत्त झालेला आणि रात्री साडेअकराला ‘पाणी प्यायला’ स्वयंपाकघरात जाणारा असेल, तर तो योगायोग समजावा.

कलम १ : मुहूर्त

साधनेला कधी बसावे? पंचांग पाहू नये, कारण त्यात गोडाशिवायचा महिना नाही. चैत्रात श्रीखंड, वैशाखात आमरस. आषाढ तरी मोकळा असेल म्हणावे, तर आषाढ तळायचा असतो आणि त्यात गुळाच्या कापण्या असतात. श्रावणाबद्दल बोलायलाच नको. भाद्रपदात मोदक, ते संपतात तोच पितृपंधरवडा. तिथे पूर्वजांच्या नावाने खीर. मग कोजागिरीचे आटीव दूध, मग दिवाळी, मग तिळगूळ. एवढ्याने भागत नाही म्हणून की काय, दोन-अडीच वर्षांनी एक जास्तीचा महिना येतो आणि त्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात.

साधक यावर ‘सोमवारपासून’ असा तोडगा काढतो. कोणत्या, ते विचारू नये, राग येतो.

खरा मुहूर्त महिन्याच्या किराणा यादीत असतो. तिथे साखर दोन किलो कमी लिहावी. ‘फरसाण अर्धा किलो, मिक्स’ ही ओळ पेन्सिलीने नव्हे, पेनाने खोडावी. जे पिशवीतून घरात येतच नाही ते रात्री साडेअकराला सापडत नाही. एवढे जमले तर पुढची कलमे वाचली नाहीत तरी चालेल. जमत नाही, म्हणून ती लिहिली आहेत.

कलम २ : घोषणा

करू नये. ‘मी साखर सोडली’ असे चारचौघांत सांगितले की भेटायला येणारा प्रत्येक जण काजूकतलीचा डबा आणतो आणि वर म्हणतो, “तुम्हाला नाही हं, घरच्यांसाठी.” घरच्यांना त्यातल्या दोन मिळतात.

कलम ३ : गूळ इत्यादी

साधक साखर सोडतो, गोड सोडत नाही, हे मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी ओळखावे. आमच्याकडे घोषणेनंतरच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो सेंद्रिय गूळ, मधाची मोठी बाटली, अर्धा किलो खजूर आणि ‘डायजेस्टिव्ह’ असे लिहिलेले बिस्किटांचे सहा पुडे आले. ही सगळी औषधे होती. औषध दिवसातून कितीही वेळा घेता येते.

उसाचा रस कारखान्यात गेला की साखर होतो आणि गुऱ्हाळात गेला की आरोग्य, असा समज फार वरच्या पातळीपर्यंत पसरलेला आहे. गुळातही मुख्यतः तीच सुक्रोज असते. सोबत थोडी खनिजे असतात हे खरे. पण “गुळात लोह असतं” असे म्हणत चार खडे तोंडात टाकणाऱ्याला लोहच हवे असेल, तर घरात लोखंडी कढई आहे, त्यात रोज पालेभाजी होते, आणि ती साधक ताटाच्या कडेला सारतो. मधाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सुचवली, तिच्यात घरी आणि कारखान्यात घातलेली साखर तर धरलीच आहे, मधही धरला आहे. दिवसभरातल्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. दोन-दोन चमच्यांचे चार चहा घेणारा माणूस पहिला लाडू खाण्याआधीच आठ चमच्यांवर पोचलेला असतो. अख्ख्या फळातली साखर यात येत नाही, म्हणून पेरू खावा. पेरूला घरात कोणी औषध म्हणत नाही, त्यामुळे तो टोपलीत पिकून मऊ पडतो.

बिस्किटांच्या पुड्याची पुढची बाजू वाचू नये, तिथे गव्हाच्या लोंब्या काढलेल्या असतात. मागची वाचावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. त्यात पहिल्या तिघांत साखर असेल, आणि थोडे खाली ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ अशी तिची भावंडे बसलेली असतील, तर पुडा दुकानात परत ठेवावा. आमची लेक हे वाचन मोठ्याने करते. तेव्हापासून साधक तिला दुकानात नेत नाही.

कलम ४ : भाकरीची परीक्षा

‘भूक लागली’ असे साधक म्हणाला की त्याच्यापुढे सकाळची भाकरी ठेवावी. खाल्ली, तर भूक होती. “भाकरी नको, काहीतरी चटकमटक असेल तर बघ,” असे उत्तर आले, तर ती भूक नव्हे. तिला ग्लासभर पाणी आणि दहा मिनिटे द्यावीत. बहुतेकदा जाते. न गेल्यास भाजके शेंगदाणे मूठभर, वाटीत काढून. डबा पुढ्यात ठेवून खाल्लेले कधीच मूठभर नसतात.

पण एक सांगते. संध्याकाळी पाच-साडेपाचला लागते ती पुष्कळदा खरी भूक असते, आणि ती सकाळी पेरलेली असते. चहा-टोस्टवर सकाळ काढली, दुपारी भातावर भात वाढून घेतला, की संध्याकाळी जीव गोडाकडे ओढणारच. सकाळी मोडाच्या मटकीची उसळ, एखादे अंडे, मुगाचे धिरडे, थालीपीठ-दही यांपैकी काही पोटात गेले, तर संध्याकाळच्या फरसाणाची धार बरीच बोथट होते. पाच वाजायच्या आत फुटाणे, काकडी, ताक असे काही हाताशी काढून ठेवावे. भूक आल्यावर शोधायला निघालेला माणूस काकडीपाशी पोचत नाही. वाटेत शेव लागते.

कलम ५ : चहा

चहातली साखर एकदम बंद केली तर साधक तीन दिवस हुतात्म्यासारखा वावरतो आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपरीवर जातो. म्हणून पाव-पाव चमच्याने, न सांगता उतरवावी. दर दोन-तीन आठवड्यांनी एक पायरी. जिभेला सवय होते. दोन चमच्यांवरून पाऊण चमच्यापर्यंत येताना आमच्याकडे एवढीच तक्रार आली : “हल्ली दूध बदललंस का गं?” मी हो म्हटले.

कलम ६ : डबे

डबा लपवावा, असे आमच्या आजीच्या पिढीने सांगून ठेवले आहे. त्यांच्या घरांना माजघर होते, कोठीची खोली होती. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये माळा, गव्हाच्या पिंपामागची फट आणि कपाटात साड्यांखाली, एवढ्याच जागा. माळ्यावरचे काही काढायला साधकाचे गुडघे साथ देत नाहीत, अशी समजूत होती. बाकरवडीच्या बाबतीत ते देतात.

मग मी नामांतराचा प्रयोग केला. डब्यावर ‘नाचणी पीठ’ अशी चिठ्ठी लावली आणि आत बेसनाचे लाडू. नाचणीकडे हे आयुष्यात कधी वळलेले नाहीत, त्यामुळे निश्चिंत होते. एका संध्याकाळी पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, “नाचणी संपत आली वाटतं.”

स्टीलच्या डब्याचे घट्ट झाकण निघताना ‘टण्’ असा आवाज होतो. हा घरच्या बाईचा बिनपगारी पहारेकरी. साधकाने त्यालाही फितवले. डबा पोटाशी आवळून धरायचा, झाकणाच्या कडेवर सदऱ्याचे टोक दाबायचे, दोन्ही अंगठ्यांनी एकाच बाजूने झाकण तसूतसूने उचलायचे, आणि निघाले की ओट्यावर न ठेवता काखेत मारायचे, कारण ओटा ग्रॅनाइटचा आहे. मी अंधारात दारात उभी राहून हे सगळे पाहिले आहे. एक शेव खाली पडली. ती उचलली, फुंकली, खाल्ली.

“काय शोधताय?”

“वेलदोडा. तोंडाला जरा वास येत होता.”

“आणि काखेत काय आहे?”

काखेकडे त्यांनी असे पाहिले की जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

आता या प्रसंगाचे शास्त्र. त्या वेळी भूक नसते. जेवून तीन तास झालेले असतात, टीव्हीवरची भांडणे संपलेली असतात, झोप आलेली नसते. कामावर होते तेव्हा या वेळी उद्याच्या काळजीने का होईना, आडवे व्हायचे. आता उद्या काही नसते. म्हणून माणूस उठतो आणि कशाचे तरी झाकण उघडतो. यावर डबे लपवून काही होत नाही. दोन उपाय मात्र थोडेफार चालले. रात्री जेवणानंतर लगेच दात घासून टाकायचे. पेस्टच्या चवीवर लाडू अगदीच बेचव लागतो आणि पुन्हा घासायचा कंटाळा येतो. दुसरा, दहाला दिवा बंद. जागरणाने दुसऱ्या दिवशी भूक वाढते ती वेगळीच. मी शेजारी बसून पत्त्यांचा एक डाव खेळते, तोवर जांभया सुरू होतात. हा तिसरा उपाय झाला, पण तो सगळ्यांना सांगण्यासारखा नाही. हे पत्ते ढापतात.

कलम ७ : साधकाची आई

या विषयावर लिहिण्याचा प्रस्तुत लेखिकेला अधिकार नाही. “वाळला गं माझा मुलगा,” एवढेच नोंदवून पुढे जाते.

कलम ८ : पंथ

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपा आणि मधे काही खाऊ नका, असे सांगितले. दर वेळी खाल्ले की इन्शुलिन पाझरते, तेव्हा त्या खेपा कमी करा, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात पुष्कळांनी तो मनावर घेतला. आमच्या साधकानेही घेतला, फक्त ५५ मिनिटे ही मर्यादा न मानता उद्दिष्ट मानले. विसाव्या मिनिटाला पोट भरायचे, पण वेळ उरलेला असायचा. त्रेपन्नाव्या मिनिटाला “शिरा आहे का कालचा?” अशी हाक यायची. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी असले कुठलेही जेवण-उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. हे विनोदात लिहिलेले नाही.)

कलम ९ : उपवास

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, रताळ्याच्या गोड फोडी, शेंगदाण्याचा लाडू आणि राजगिऱ्याची चिक्की यांना आहारनियंत्रण म्हणत नाहीत.

कलम १० : तपासणी

तपासणीच्या आधीचा आठवडा साधक विलक्षण सात्त्विक होतो. कारले स्वतः मागून घेतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर बरी येते आणि तो रिपोर्ट फ्रिजवर लावला जातो. डॉक्टरांनी यावर एचबीए१सी लिहून दिली. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब त्यात उतरतो. बँकेत जन्म गेलेल्याला हे समजावणे सोपे पडले : पहिली ती आजची शिल्लक, दुसरा तो तिमाही उतारा. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. आमचे ६.३ आले. आठवडाभराच्या कारल्याचा उताऱ्यावर काही परिणाम झालेला नाही हे पाहून हे म्हणाले, “ही तपासणी जरा अतीच आहे.”

त्यानंतर मात्र संध्याकाळी चालायला जाऊ लागले. टपरीच्या विरुद्ध दिशेने, असे त्यांचे म्हणणे आहे.

कलम ११ : दिवाळी

दिवाळीचे चार दिवस साधना स्थगित ठेवावी. पण जेवणाबरोबर एक करंजी, एक चकली पानात वाढून घ्यावी. येता-जाता डब्यात हात घालू नये. भाऊबीज झाली की उरलेला फराळ ‘संपवायचा आहे’ या कर्तव्यबुद्धीने खाऊ नये. पुड्या बांधाव्यात आणि कामाच्या बाई, वॉचमन, इस्त्रीवाले, लेकीचे ऑफिस अशा वाटून टाकाव्यात. चिवडा, शेव, शंकरपाळे, सगळे.

अनारसे सोडून. अनारसे कोणालाही द्यायचे नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, कापडावर सुकवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून मुरत ठेवायचे, खसखशीवर थापायचे, आणि तुपात सोडल्यावर तो हसेल की काय या धास्तीने श्वास रोखून उभे राहायचे. यंदा एकही हसला नाही. जाळी अशी पडली की समोरच्या काकू बघायला आल्या. त्यातला एक बशीत घालून मी यांच्यापुढे धरला, तर हात आडवा करून म्हणतात कसे, “नको. सोडलंय ना.”

“गुळाचे आहेत,” मी म्हटले.

“गूळ म्हणजे साखरच. तूच म्हणतेस.”

“अहो, लोह असतं त्यात. खा मुकाट्याने.”